वीस मिनिटांचा अल्बम? ब्लॅक सॅबथच्या ‘पॅरानॉइड’ची बखर आणि तिचा इतिहास

१/
२२ जुलै २०२५ रोजी ओझी ऑस्बर्नचे निधन झाले आणि पुढचे काही दिवस सर्वांच्या पडद्यावर एकच गोष्ट फिरत राहिली. बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतली चार गरीब पोरे. यंत्रात सापडून तुटलेली बोटे. घणांच्या आवाजातून आपोआप जन्मलेले संगीत. वीस मिनिटांत उरकलेले एक गाणे. तुच्छतेने हसणारे समीक्षक आणि डोक्यावर घेणारी जनता. गोष्ट सुटसुटीत आहे, रंजक आहे आणि बऱ्याच अंशी चुकीची आहे. तिचा सर्वांत मोठा दोष असा की, ज्यांची ती स्तुती करते त्यांचेच श्रेय ती हिरावून घेते. आजचा थ्रेड या गोष्टीच्या विरोधात आहे.

२/
प्रथम वादातीत तपशील मांडू. बँडचे नाव ब्लॅक सॅबथ, गाव बर्मिंगहॅम, त्यातही ॲस्टन हा भाग. गिटारवर टोनी आयोमी, बासवर गीझर बटलर, ड्रमवर बिल वॉर्ड आणि गायक ओझी ऑस्बर्न. पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी आला. दुसऱ्याचे, म्हणजे ‘पॅरानॉइड’चे, ध्वनिमुद्रण त्याच वर्षी जूनमध्ये लंडनच्या रीजंट साउंड आणि आयलंड या स्टुडिओंत झाले. निर्माता रॉजर बेन. सप्टेंबर १९७० मध्ये तो ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाला आणि ऑक्टोबरमध्ये तिथल्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. अमेरिकेत तो जानेवारी १९७१ मध्ये आला व बाराव्या क्रमांकापर्यंत चढला. ध्वनिमुद्रणाच्या वेळी चौघांपैकी सर्वांत थोरला बावीस वर्षांचा होता. बटलरला तर एकविसावे वर्षही लागायचे होते, असे नव्हे, पण ते पूर्ण व्हायला अजून महिना होता.

३/
आता साधनांविषयी. या अल्बमबद्दल आपल्याला जे ‘माहीत’ असते, त्यातले बहुतेक तीन आत्मचरित्रांतून आणि असंख्य मुलाखतींतून आलेले आहे. ऑस्बर्नचे आत्मचरित्र २००९ चे, आयोमीचे २०११ चे, बटलरचे २०२३ चे. म्हणजे घटना आणि कथन यांत सुमारे चाळीस ते पन्नास वर्षांचे अंतर आहे. मराठी इतिहासाच्या वाचकाला या प्रकारच्या साधनाचे नाव वेगळे सांगायला नको. ही बखर आहे. घडून गेलेल्या विजयाचे, विजयानंतर, त्या विजयाच्या उजेडात केलेले कथन.

४/
१८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढताना वि. का. राजवाडे यांनी बखरींना किती कठोरपणे तपासले, हे आपल्यापैकी अनेकांनी पदवीच्या वर्गात वाचले आहे. अस्सल समकालीन कागद आधी, बखर नंतर, हा क्रम आपण पानिपतासाठी पाळतो. शिवकालासाठी तर त्यावरून हमरीतुमरीवर येतो. मग संगीताच्या इतिहासाची वेळ आली की तो क्रम कुठे जातो? विषय ‘हलका’ आहे म्हणून पद्धतही हलकी चालते, असे मानायचे काय? मला ते मान्य नाही. पद्धत विषय पाहून बदलत नसते.

५/
पहिली दंतकथा: वीस मिनिटे. सांगितले जाते ते असे. अल्बम भरायला एक गाणे कमी पडत होते. निर्मात्याने छोटेसे काहीतरी मागितले. बाकीचे बाहेर गेले असता आयोमीला रिफ सुचला. बटलरने घाईने शब्द लिहिले, ऑस्बर्नने ते कागदावरून वाचत गायले आणि झाले ‘पॅरानॉइड’. सांगणाऱ्यानुसार वेळ वीस मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत बदलतो. गाभा मात्र सगळ्यांच्या साक्षीत सारखा आहे, म्हणून तो मान्य करू. प्रश्न त्यातून काय सिद्ध होते, हा आहे.

६/
साधे गणित करा. ‘पॅरानॉइड’ हे गाणे तीन मिनिटांहून कमी लांबीचे आहे. अल्बम सुमारे बेचाळीस मिनिटांचा आहे. म्हणजे ज्याला आपण ‘वीस मिनिटांत झालेला अल्बम’ म्हणतो, त्याच्या चौदाव्या-पंधराव्या हिश्श्याबद्दलच ही आख्यायिका काही सांगते. उरलेली एकोणचाळीस मिनिटे कुठून आली? ‘वॉर पिग्ज’ जवळजवळ आठ मिनिटांचे आहे. ‘हँड ऑफ डूम’ सात मिनिटांहून अधिक. त्यांतले लयीचे बदल, थांबे, परत येणारे भाग हे स्टुडिओत शिरल्यावर सुचणारे प्रकरण नव्हे.

७/
ती मिनिटे क्लबांतून आली. सॅबथ होण्यापूर्वी आणि झाल्यानंतरही या चौघांनी हँबुर्गच्या स्टार क्लबमध्ये आणि झुरिकमधल्या एका छोट्या क्लबमध्ये मुक्काम ठोकून वाजवले. एकाच रात्रीत अनेक बैठका. समोर कधी चार-दोन माणसे, कधी तेवढीही नाहीत. गाणी संपायची आणि वेळ उरायचा, म्हणून तीच गाणी ताणायची, मधले भाग रचायचे. ‘वॉर पिग्ज’चा सांगाडा अशा लांबवलेल्या वादनातून तयार झाला, असे बँडचे सदस्य सांगतात. गायनाच्या घराण्यात रियाज म्हणतात तो हाच. फरक इतकाच की, याला गुरूचे घर नव्हते, भाड्याची व्हॅन होती.

८/
आणि हे केवळ आठवणींवर सोडण्याची गरज नाही, कारण इथे आपल्यापाशी समकालीन पुरावा आहे. अल्बमपूर्वी, १९७० मध्येच ध्वनिमुद्रित झालेली ‘वॉर पिग्ज’ची एक आवृत्ती १९९७ साली ऑस्बर्नच्या ‘द ऑझमन कमेथ’ या संकलनात प्रसिद्ध झाली. संगीत बहुतांशी तेच, पण शब्द मोठ्या प्रमाणात वेगळे. तेव्हा या गाण्याचे नाव ‘वॉल्पुर्गिस’ होते, म्हणजे युरोपीय लोकश्रद्धेतील चेटकिणींच्या मेळाव्याची रात्र. जूनमधल्या ध्वनिमुद्रणापर्यंत हे गाणे नव्याने लिहिले गेले आणि सेनापती व राजकारणी यांच्यावरचा उघड हल्ला झाले.

९/
या एका पुराव्याचे महत्त्व ओळखा. अल्बमची सुरुवात ज्या गाण्याने होते, त्याचा कच्चा खर्डा आणि पक्का मसुदा आपल्यासमोर आहे. दोन मसुद्यांत विचारपूर्वक बदल आहे. खर्डा असतो तिथे अपघात नसतो, लेखक असतो. वीस वर्षांच्या एका मुलाने स्वतःचे गाणे पुन्हा हातात घेऊन त्याचा अर्थच फिरवला, ही खरी बातमी आहे. ती सोडून आपण वीस मिनिटांची लाडकी गोष्ट मिरवतो.

१०/
शिवाय वीस मिनिटांत रिफ सुचला, हेही वर्षानुवर्षे हात चालवल्याचे फळ आहे. सवाई गंधर्व महोत्सवात एखादा गायक ऐनवेळी अप्रतिम तान घेतो, तेव्हा आपण ‘अपघात’ म्हणत नाही, ‘तयारी’ म्हणतो. मग ॲस्टनच्या पोराने तेच केले की त्याला नशीब का म्हणायचे?

११/
दुसरी दंतकथा: तुटलेली बोटे. घटना खरी आहे. सतरा वर्षांच्या आयोमीच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यातील यंत्राखाली गेली. नोकरीचा तो त्याचा शेवटचा दिवस होता. तो डावखुरा वादक, म्हणजे तारांवर दाब देणारा हात तोच. दंतकथा पुढे म्हणते: दुखऱ्या बोटांसाठी त्याने तारा सैल केल्या, त्यामुळे आवाज खोल झाला आणि अशा रीतीने एका यंत्राने एक संगीतप्रकार निर्माण केला.

१२/
कालक्रम तपासा. गिटारच्या तारा लक्षणीयरीत्या उतरवून लावण्याची पद्धत सॅबथच्या तिसऱ्या अल्बमवर, म्हणजे १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’वर आली. ‘पॅरानॉइड’वरची गिटार नेहमीच्याच स्वरात लावलेली आहे. ‘वॉर पिग्ज’ किंवा ‘आयर्न मॅन’ वाजवून पाहणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला हे पाच मिनिटांत कळते. म्हणजे ज्या अल्बमचा जडपणा सैल तारांमुळे आला असे सांगतात, त्यावर सैल लावणीच नाही. परिणाम आधी आणि कारण नंतर, असा क्रम इतिहासात चालत नाही.

१३/
अपघातानंतर खरोखर काय घडले, ते दंतकथेपेक्षा अधिक लक्षणीय आहे. आयोमीने द्रवसाबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे केली, घासून आकार दिला, वर चामडे चिकटवले. गिटारसाठी पुरेशा बारीक तारा मिळत नव्हत्या, म्हणून बँजोच्या तारा लावून पाहिल्या. कारखान्याच्या व्यवस्थापकाने त्याला जँगो राइनहार्टची तबकडी ऐकवली. भाजलेल्या हाताने, दोनच बोटांच्या जोरावर वाजवणारा हा वादक ऐकून त्याने पुन्हा गिटार उचलली. यात यंत्राचे कर्तृत्व कुठे आहे? यंत्राने बोटे घेतली. उपाय त्या मुलाने शोधला, आणि तो शोधताना कारखान्यात कमावलेली कारागिरी त्याने कारखान्याने केलेल्या नुकसानीवर वापरली.

१४/
तिसरी दंतकथा पहिल्या दोहोंची आई आहे: ‘बर्मिंगहॅमच्या यंत्रांचा आवाजच या संगीतात उतरला.’ ऐकायला काव्यमय आहे. पण तुलना हे इतिहासाचे साधे हत्यार आहे. ते चालवून पाहा. त्याच शहरातून त्याच दशकात द मूव्ह आले, मूडी ब्लूज आले, स्पेन्सर डेव्हिस ग्रुप आला. तिघांचेही संगीत सॅबथसारखे नाही. डेट्रॉइट हे तर मोटारींचेच शहर. मोटाउनचा संस्थापक बेरी गॉर्डी मोटारीच्या जुळणीच्या रांगेत काम केलेला. तिथून काय निघाले? रेशमासारखे गुळगुळीत सोल संगीत.

१५/
आपल्या गिरणगावाकडे पाहा. साच्यांचा खडखडाट तिथे काय कमी होता? तिथून निघाल्या भजनी मंडळ्या, लोकनाट्ये, शाहिरी. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांची वाणी घडली ती पोवाडा, लावणी आणि तमाशा यांच्या परंपरेतून आणि कामगार चळवळीतून. मागाच्या ठेक्यावरून नव्हे. यंत्राचा आवाज सर्वत्र जवळपास सारखाच असतो. संगीत मात्र ठिकठिकाणी वेगळे होते. जे सारखे आहे, ते वेगळेपणाचे कारण होऊ शकत नाही.

१६/
मग कारखान्याला काहीच महत्त्व नाही काय? आहे, पण कारण म्हणून नव्हे, परिस्थिती म्हणून. कारखान्याने मजुरी ठरवली, मोकळा वेळ ठरवला, शरीर जायबंदी केले, आणि ‘यापेक्षा वेगळे आयुष्य हवे’ ही निकड दिली. ऑस्बर्नने कत्तलखान्यात काम केले, मोटारींचे हॉर्न तपासण्याचे काम केले. त्या जगातून सुटण्याची घाई समजते. पण त्या घाईला कोणता नाद द्यायचा, हे चौघांनी ठरवले. बिल वॉर्डचे ड्रम ऐका. जीन क्रुपासारख्या जॅझ वादकांवर पोसलेला तो हात आहे. ‘वॉर पिग्ज’मधली झुलती लय घणाची नाही, स्विंगची आहे. बटलरचा बास बऱ्याचदा गिटारच्या रिफलाच चिकटून चालतो आणि दोघे मिळून एकच जाड आवाज तयार करतात. त्याला रचना म्हणतात.

१७/
स्टुडिओतले निर्णयही पाहा. ‘प्लॅनेट कॅरव्हॅन’मध्ये ऑस्बर्नचा आवाज फिरत्या लेस्ली स्पीकरमधून नेला आहे, म्हणून तो पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. त्यातला पियानो ध्वनियंत्रक टॉम ॲलम याने वाजवला. ‘वॉर पिग्ज’च्या शेवटी टेपचा वेग वाढवून गाणे अक्षरशः पळवत संपवले आहे, आणि ती कल्पना निर्मात्याच्या बाजूची होती. ‘आदिम’, ‘रांगडा’, ‘कच्चा’ ही विशेषणे या अल्बमला सरसकट लावणाऱ्यांनी हे तीन क्षण एकदा हेडफोन लावून ऐकावेत.

१८/
आता शीर्षकाकडे. अल्बमचे नाव मुळात ‘वॉर पिग्ज’ ठरले होते. म्हणूनच मुखपृष्ठावर ढाल-तलवार घेतलेला एक विचित्र योद्धा आहे, ज्याचा ‘पॅरानॉइड’ या शब्दाशी काडीचाही संबंध नाही. नाव बदलले, चित्र तसेच राहिले. याचे सर्वाधिक पसरलेले स्पष्टीकरण असे: व्हिएतनाम युद्धाच्या काळात रेकॉर्ड कंपनी घाबरली आणि तिने बंडखोर नाव दडपले.

१९/
हे स्पष्टीकरण पूर्णतः खोटे म्हणता येणार नाही. बँडच्या आठवणींत त्याला जागा आहे. पण त्याच्यावर सगळा भार टाकता येत नाही. जी कंपनी युद्धविरोधी शीर्षकाला इतकी घाबरते, ती त्याच नावाचे, तेच म्हणणारे, आठ मिनिटांचे गाणे तबकडीच्या पहिल्या बाजूला पहिल्याच क्रमांकावर कसे ठेवते? दुसरीकडे, ‘पॅरानॉइड’ हे सिंगल अल्बमच्या आधी बाजारात आले आणि ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकापर्यंत गेले. खपणाऱ्या गाण्याचे नाव अल्बमला द्यावे, हा बाजाराचा सरळ हिशेब आहे. दडपशाहीची गोष्ट अधिक शूर वाटते. हिशेबाची गोष्ट अधिक संभाव्य आहे.

२०/
आणि दडपशाहीच्या गोष्टीत अडकल्यामुळे आपण खरा राजकीय प्रश्न विचारतच नाही. ब्रिटनने व्हिएतनाममध्ये सैन्य पाठवले नव्हते. मग बर्मिंगहॅमच्या मुलांना त्या युद्धाचे काय पडले होते? उत्तर वर्गाचे आहे. ब्रिटनमधली सक्तीची लष्करी भरती १९६० मध्ये थांबली होती, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावंडांच्या पिढीने ती भोगली होती. ती पुन्हा सुरू झाली तर प्रथम कोणाची मुले नेली जातील, हे ॲस्टनमध्ये कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते. युरोपातल्या अमेरिकी तळांवर वाजवताना त्यांना व्हिएतनामहून परतलेले सैनिक भेटले. हेरॉइनच्या आहारी गेलेल्या त्या तरुणांविषयी ‘हँड ऑफ डूम’ आहे. ‘इलेक्ट्रिक फ्युनरल’ अणुयुद्धाविषयी आहे. हे सैतानपूजकांचे विषय नव्हेत, वर्तमानपत्र वाचणाऱ्यांचे आहेत.

२१/
‘आयर्न मॅन’ घ्या. याचा कॉमिक्समधल्या नायकाशी संबंध नाही. कथा अशी: एक माणूस भविष्यात जातो, जगाचा विनाश पाहतो, परतताना पोलादाचा होतो, म्हणून त्याला सावध करता येत नाही. लोक त्याची टर उडवतात. शेवटी तो सूड घेतो आणि जो विनाश त्याने पाहिला होता तो स्वतःच घडवतो. स्वतःचीच शेपटी गिळणारे हे कथानक आहे. आयरिश कॅथलिक घरात वाढलेल्या, विज्ञानकथा वाचणाऱ्या बटलरने ते रचले. ‘वॉर पिग्ज’चा शेवटही न्यायनिवाड्याच्या दिवसाने होतो, जिथे युद्ध पेटवणाऱ्यांना शासन मिळते. ज्यांना यात सैतानाची आराधना दिसली, त्यांनी शब्द ऐकले नाहीत. आणि ज्यांना आज यात नुसता ‘राग’ दिसतो, त्यांनीही ऐकलेले नाहीत.

२२/
चौथी दंतकथा: मूर्ख समीक्षक आणि शहाणी जनता. समीक्षकांचा विरोध खराच होता. पण तो कशा प्रकारचा होता, ते पाहा. एप्रिल १९७१ मध्ये ‘रोलिंग स्टोन’मध्ये निक टॉशेसने ‘पॅरानॉइड’वर लिहिले. त्या लेखात गायक म्हणून ज्याचे नाव आले, तो किप ट्रेव्हर ‘ब्लॅक विडो’ या भलत्याच बँडचा गायक होता. लेखाचा बराचसा भाग अल्बमविषयी नाहीच, सैतानी विधींची थट्टा आहे. हा चुकलेला निवाडा नव्हे. निवाड्यासाठी आधी सुनावणी व्हावी लागते, आणि इथे ती झालीच नव्हती.

२३/
दुसरे उदाहरण याहून महत्त्वाचे. लेस्टर बँग्सने १९७० मध्ये ‘रोलिंग स्टोन’मध्येच सॅबथच्या पहिल्या अल्बमची खिल्ली उडवली होती. त्याच बँग्सने १९७२ मध्ये ‘क्रीम’ या मासिकात दोन भागांचा दीर्घ लेख लिहून हा बँड नैतिक प्रश्न विचारणारा आहे, अशी मांडणी केली. म्हणजे ‘समीक्षकांना कळायला दशके लागली’ हे विधान टिकत नाही. एका कडव्या विरोधकाला दोन वर्षे पुरली. दंतकथेला हा लेख गैरसोयीचा आहे, म्हणून तो तिच्यात येत नाही.

२४/
आणि जनता? पहिला क्रमांक मिळाला म्हणजे कलाकृती श्रेष्ठ, हा युक्तिवाद इतिहासाचा नाही, निवडणुकीचा आहे. शिवाय ‘जनता’ एकसंध नव्हती. ‘पॅरानॉइड’ गाजल्यावर, दूरचित्रवाणीवर झळकल्यावर, मैफलींना फक्त ते एक गाणे ऐकायला आलेली किशोरवयीन गर्दी जमू लागली. बँडला ते रुचले नाही. आपण सिंगलचा बँड नाही, असे ठरवून त्यांनी बराच काळ सिंगल काढणे टाळले. लोकप्रियतेने दिलेला सोपा रस्ता त्यांनी नाकारला. ‘जनतेने डोक्यावर घेतले’ या वाक्यात हा नकार कुठे बसतो?

२५/
एक आक्षेप येणार, म्हणून आधीच घेते. ‘हे अपघाताचे, नशिबाचे, घणांचे किस्से खुद्द बँडचेच लोक सांगतात. तुम्ही त्यांच्याहून शहाण्या?’ नाही. पण कर्त्याची साक्ष आणि कृतीचे कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या समाजात ‘फार शहाणपणा करू नकोस’ हे लहानपणापासून ऐकवले जाते, तिथला माणूस आपल्या कर्तृत्वाविषयी विनोदाने आणि कमीपणा घेऊनच बोलतो. ‘विचार करून केले’ म्हटले तर गर्व वाटतो, ‘सहज झाले’ म्हटले की सगळे हसतात. ती विनम्रता त्यांची शोभा आहे. आपण तिला पुरावा मानले, तर तो आपला आळस आहे.

२६/
हे सगळे इतक्या तावातावाने का मांडायचे? कारण ही खोड बर्मिंगहॅमपुरती नाही. उच्चवर्गीय कलाकाराने काही केले की आपण ‘प्रतिभा’, ‘प्रयोग’, ‘दृष्टी’ म्हणतो. कामगाराने केले की ‘अनुभवातून आपोआप आले’. मराठी समीक्षेने दलित साहित्याला नेमके हेच ऐकवले: अनुभव दाहक आहे, पण कलेचे काय? अण्णाभाऊंचे कौतुकही कितीदा ‘शाळा न शिकता लिहिले’ याच वाक्यापाशी थांबते. ‘फकिरा’ची रचना, निवेदन, भाषेची निवड यांवर बोलायची वेळ आली की कौतुक संपते. कौतुक करत करत लेखकपण काढून घेण्याची ही रीत आहे. ब्लॅक सॅबथची बखर त्याच रीतीची इंग्रजी शाखा आहे.

२७/
म्हणून पुढच्या वेळी कोणी ‘वीस मिनिटांत झाले’ म्हणाले, तर तीन प्रश्न विचारा. कोणते गाणे, आणि उरलेली कधी झाली? हे कोणी, कोणत्या साली सांगितले? आणि यात माणसाने घेतलेला निर्णय कुठे आहे? तिसऱ्याचे उत्तर ‘कुठेच नाही’ असे आले, तर समोर इतिहास नाही, हे ओळखा.

२८/
हा अल्बम वीस-बावीस वर्षांच्या चार मुलांनी केला. म्हणजे हा थ्रेड वाचणाऱ्या बहुतेकांच्या वयाच्या. त्यांनी खर्डे लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. रिकाम्या क्लबात वाजवले, तुटलेल्या बोटांवर स्वतः टोपणे चढवली, युद्ध कोण पेटवते आणि कोण मरते ते पाहिले आणि गाण्याच्या आरंभीच सांगितले. त्यांना नशीबवान म्हणू नका. ते लेखक होते, कारागीर होते. मतभेद असेल तर जरूर मांडा. फक्त कालक्रम आणि पुरावा सोबत घेऊन या.